फॅटवाल्या काकूंचं पार्लर

अकरा मे, बुधवार. फेशियलचे टॉवेल उकळायचे होते. पातेलं गॅसवर चढवलं, टॉवेल उलथण्याच्या दांड्यानं खाली दाबले, तेवढ्यात एक मुलगी दारात उभी. परवा लग्न आहे, गोल्ड फेशियल पाहिजे, आत्ता पाहिजे. गालावर बारीक पुरळ, नाकपुडीच्या कडेला सालं निघालेली. मी बोटभर क्रीम घेतलं, तिच्या कानामागं लावलं आणि म्हटलं, "उद्या ये."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या ये. कान लाल झाला नाही तर तोंडाला लावू."

तिनं पर्स उचलली आणि समोरच्या पार्लरमध्ये गेली. बीडमध्ये आता प्रत्येक पार्लरच्या समोर एक पार्लर असतंच. जाऊ दे. टॉवेल उकळायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात ही कानामागची खोड मला ज्यांनी लावली त्यांच्याबद्दल लिहून होईल असं वाटलं. झालं नाही. टॉवेल दोनदा उकळले.

त्यांना सगळे काकू म्हणत. आमचं मूळ गाव तिकडं कडा गावाच्या बाजूला. गावात महिला दूध संस्था होती आणि काकू तिथं चौदा वर्षं दुधाची फॅट काढायच्या, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते तपासायच्या. बाई किटली घेऊन रांगेत यायची, काकू नमुना घ्यायच्या, मशिनीत घालायच्या आणि आकडा दारातल्या फळ्यावर लिहायच्या. नावापुढं आकडा, सगळ्या गावासमोर. निम्म्या बायका काकूंना घाबरत आणि उरलेल्या निम्म्या दुधात पाणी घालत नसत.

मग दुष्काळाचं दुसरं वर्ष आलं. जनावरं चारा छावणीत गेली. संस्थेची दोन वेळची रांग एक वेळेवर आली, नंतर रांग म्हणावी एवढी माणसंच उरली नाहीत. मशीन फडक्याखाली गेली. काकूंनी बीडला जाऊन तीन महिन्यांचा ब्यूटी पार्लरचा कोर्स केला. तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. वर्गातल्या मुलींना पहिल्या दिवशी वाटलं झाडायला आल्यात. दुसऱ्या दिवशी वाटलं परीक्षा घ्यायला आल्यात. हा दुसरा अंदाज जास्त बरोबर होता, कारण काकूंनी शिकवणाऱ्या मॅडमच्या प्रत्येक बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि दोन बाटल्या "नापास" म्हणून बाजूला ठेवल्या.

परत आल्यावर त्यांनी संस्थेकडं मागची खोली मागितली. खोली मिळाली, पण वार्षिक सभेपर्यंतच. सभेत पुढचं ठरणार होतं. ज्या दगडी कट्ट्यावर दुधाचे कॅन ठेवायचे त्यावर गादी टाकली, की पार्लर तयार. काकू संस्थेचा जुना पांढरा कोट घालत, अंबाड्यात पेन्सिल खोचत आणि बाई आडवी झाली की आधी तिच्या डोक्याचा, मग गालाचा वास घेत.

"काल काय लावलंस?"

"काय न्हाई, काकू."

"टूथपेस्ट लावलीस. फोडावर. ऊठ."

मी त्यांच्याकडं कशी लागले ते सांगते. माझं वय तेव्हा तेवीस. घरात दोन म्हशी, दोन्ही छावणीत, नवरा त्यांच्यासोबत छावणीत. मला काम हवं होतं. काकूंनी मला स्टुलावर बसवलं, चतकोर भाकरीवर हिरवा ठेचा ठेवून पुढं केला आणि म्हणाल्या, "खा."

मला वाटलं जेवायला विचारतात. मी खाल्ला. नाकातोंडातून पाणी आलं. काकू माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर, हातात घड्याळ.

"गाल लाल झाले. नाक लाल झालं. पाच मिनटं झाली." मग थोड्या वेळानं, "धा झाली, अजून उतरंना." मग, "वीस! लई भारी. अगं, तू कुठं होतीस इतके दिवस?"

"काकू, पाणी."

"पाणी पी आन उद्यापासून ये."

"काम काय करायचं?"

"लाल व्हायचं."

थट्टा नव्हती ती. काकूंचं म्हणणं असं की त्यांची स्वतःची कातडी तपासायला कुचकामी. फॅट काढताना नमुन्यात घालायच्या ॲसिडचे थेंब पडून पडून हात असे झालेले की त्या उकळत्या पाण्यातून टॉवेल बोटांनी काढत. "मी स्वतःवर तपासून बायांना लावलं तर गावात एकीचं तोंड शिल्लक राहायचं न्हाई," असं त्या म्हणत. जे काही नाजूक कातडीच्या बाईला लावायचं ते आधी माझ्या हातावर लागे. काकूंनी माझ्या डाव्या हातावर पेनानं चौकोन आखले, चौकोनांना नंबर दिले. एकात साय, एकात ताक, एकात बेसन, एकात कोर्सहून आणलेलं स्क्रब. नवरा छावणीतून एकदा घरी आला, हात बघून म्हणाला, "ह्ये काय? गट नंबर पाडलेत का हातावर? मोजणीवाले आलते काय?"

बेसन नापास झालं. ताक नापास, चुरचुरलं. लिंबू तर लावल्या लावल्या नापास. स्क्रबनं दोन दिवस खाज सुटली, ते काकूंनी घासणीच्या शेजारी नेऊन ठेवलं. साय पास झाली. मुलतानी माती पास झाली, पण एका अटीवर, की ती वाळू द्यायची नाही. पातळ थर द्यायचा, वरून ओलं मलमल ठेवायचं आणि ओली असतानाच उचलायची. बाकी पार्लरमध्ये माती तोंडावर कडकडीत वाळवतात, बाई हसली की तडकते. काकू म्हणत, "भेगा पडलेलं रान बघायला टीव्हीवाले येतात. आपल्याकडं गिऱ्हाईक येतं. फरक ठेवा."

तर बाईला आधी ठेचा चारायचा, आणि त्यावरून काकूंचं फेशियल बाईगणिक वेगळं असे. ठेचा खाऊन जिचा लालपणा पाच मिनिटांत उतरला तिला वाफ, घासणीशेजारचं स्क्रब, मसाज, सगळं. दहाच्या पुढं गेली की वाफ बंद, स्क्रब बंद. माझ्यासारखी वीसवाली आली तर गार मलमल, करंगळीभर साय, ओली माती आणि घरी जा. चोळून पुसायचं नाही, टिपायचं. बाया कुरकुरत, "काकू, केलं काय मग तुमी?" काकू म्हणत, "जे करायचं न्हाई ते केलं न्हाई. ते लई अवघड असतं."

मसाजाचं शिक्षण मला छावणीत मिळालं. बीडच्या मॅडमनी बोटं कशी फिरवायची ते बाहुलीच्या डोक्यावर शिकवलं होतं. काकूंना ते पटलं नव्हतं. बाहुलीला कुठं दुखतंय? छावणीत एका गाईला दगडी झाली होती, म्हणजे कास सुजून दगडासारखी कडक आणि हात लावला की आग. काकूंनी मला तिच्याजवळ बसवलं.

"हात फिरव. तिला कळू द्यायचं न्हाई हात लागलाय ते."

पहिल्या दिवशी लाथ बसली. काकूंनी पेन्सिल काढून लिहिलं, "नापास." दुसऱ्या दिवशी लाथ बसली, मांडीवर. "नापास." तिसऱ्या दिवशी मी बोटांची टोकं अशी ठेवली जशी आपण झोपलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो, आणि गाय रवंथ करत राहिली. काकू म्हणाल्या, "आता बाईच्या तोंडाला हात लाव. बाई लाथ मारत न्हाई, म्हणून तर पार्लरवाल्यांना काय कळत न्हाई."

मला आजही फेशियल करताना डाव्या मांडीचं भान असतं.

पाण्याचा गोंधळ वेगळाच होता. टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा, त्यात टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, अशी पडायची की गल्लीत वास. बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस म्हणून येत नव्हता, डाळ शिजत नव्हती. दोन्ही पाणी माझ्या गालावर नापास झालं. काकूंनी विचार केला आणि रस्त्यावरच्या गॅरेजमधून एक कॅन आणला. बॅटरीत घालायचं पाणी. ते शुद्ध केलेलं असतं, त्यात क्षार नसतो. मलमल भिजवायला, तोंड टिपायला याच्याइतकं मऊ पाणी त्या साली तालुक्यात नव्हतं. माझ्या हातावर पास, गालावर पास.

फक्त कॅनवर बॅटरीचं चित्र होतं.

दोन दिवसांत गावात झालं की काकू बायांच्या तोंडाला ॲसिड लावते. गिऱ्हाईक बंद. काकूंनी काही खुलासा केला नाही. ज्या पाच-सहा जणी हे बोलत होत्या त्यांना चहाला बोलावलं. चहा झाला. एक म्हणाली, "काकू, आज चहाला काय चव आलीय वो. दूध कुठलं?" काकू म्हणाल्या, "दूध पिशवीचं. पाणी बॅटरीचं." एक बाई तिथूनच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तिला परत पाठवलं आणि स्वतःच्या बायकोला काकूंकडं पाठवलं. धंदा पुन्हा सुरू झाला.

आता फळ्याचं. काकूंनी दूध सोडलं, पण फळा सोडला नाही. तपासणी झाली की निकाल बाहेर लिहायचाच, ही त्यांची चौदा वर्षांची सवय. नाव लिहीत नसत, नंबर लिहीत. सकाळी फळ्यावर असं असे: "नमुना १९ – साय चालते. ताक नापास." "नमुना २२ – घरून हळद लावून आली. खोटं बोलली." "नमुना २६ – नाजूक नाही. उगीच लाड."

मी म्हटलं, "काकू, बायांच्या तोंडाचं असं भिंतीवर लिहू नये."

"कावून? दुधाचं लिहिलेलं चालत होतं ना? आन नाव कुठं लिहिलंय, नंबर लिहिलाय."

"पण तुमी दारात उभं राहून 'बावीस नंबर, आत ये' म्हणून हाका मारता."

"मग काय खाणाखुणा करू?"

छावणीतून पाय मोकळे करायला येणारी म्हातारी माणसं संस्थेच्या ओट्यावर बसून फळा वाचत. दुसरं वाचायला काही नव्हतंच.

पण फळ्याचा उपयोगही होता. एकोणीस नंबरला ताक चुरचुरतं म्हटल्यावर तिच्या बहिणी घरी ताक लावायच्या थांबल्या. बाया तोंडावर पदर ओढून फळ्याजवळून जात आणि पदराच्या कडेनं वाचून घेत.

वार्षिक सभेला दोन आठवडे राहिले. संस्था महिलांची, म्हणून चेअरमन बाई होत्या. पण गावात 'चेअरमन' म्हटलं की त्यांच्या नवऱ्याकडं बोट जायचं. बाईंना 'चेअरमनबाई' म्हणत, म्हणजे चेअरमनची बाई. सह्या त्या करत, बोलत तो. त्याच्या मनात आमची खोली मेव्हण्याला पेंडीच्या दुकानाला द्यायची होती. सभेत ठराव आला की हात वर होणार, आम्ही बाहेर. काकूंच्या घरी बसायला ओसरी होती. मला परत छावणी.

त्यात वरच्या ऑफिसातून पत्र आलं, की सभेत अहवाल चेअरमननं स्वतः वाचायचा. स्वतः म्हणजे बाईंनी.

एका दुपारी मागच्या दारानं चेअरमनबाई आल्या. पदर डोळ्यांपर्यंत. पदर काढला तर दोन्ही गाल भाजल्यासारखे, हनुवटीला सालं.

"काकू, सगळ्यांसमोर उभं राहायचंय मला. ह्या तोंडानं कशी राहू? माझी लई नाजूक स्किन हाय. बीडच्या पार्लरात सांगितलंय तसं."

नाजूक म्हणताना त्यांची मान जरा वर झाली. त्या काळी नाजूक कातडी म्हणजे घरात कार असल्यासारखं होतं.

काकूंनी भाकरीवर ठेचा ठेवला. चेअरमनबाईंनी खाल्ला. आम्ही बघत राहिलो. काही नाही. काकूंनी दुसरा घास दिला. चेअरमनबाई म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय." चेहरा जिथं लाल होता तिथंच लाल, कपाळ आणि कान जसेच्या तसे सावळे.

"तुमची कातडी नाजूक न्हाई," काकू म्हणाल्या. "माझ्यासारखी हाय. रेड्याची."

"असं कसं? पैसे घेऊन सांगितलंय त्यांनी."

"मजबूत हाय. पास."

चेअरमनबाईंना हे इतकं लागलं की त्या उठून जायला निघाल्या. काकूंनी त्यांचा दंड धरला, गालाला नाक लावलं आणि तिथंच थांबल्या. डोळे मिटलेले.

"ह्यो वास माझ्या वळखीचा हाय," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षं वळखीचा हाय. तोंड कशानं धुता?"

"साबणानं."

"आन?"

"बोअरच्या पाण्याला फेस येत न्हाई वो. म्हणून मगभर पाण्यात चमचाभर सोडा टाकते. डाळीत टाकतो तसा."

"डाळीतला सोडा असा न्हाई भाजत. कुठला सोडा?"

चेअरमनबाईंनी पदर परत डोळ्यांपर्यंत ओढला.

"कॅन धुवायचा?"

"ह्यांनी डबाभर आणून ठेवलाय संस्थेतून. न्हाणीत."

मला हसू आलं ते मी टॉवेलमध्ये दाबलं. दुधाचे कॅन आतून ज्यानं खरवडून निघतात तो सोडा बाई दोन महिने दोन्ही वेळा तोंडाला लावत होत्या. त्यातून सालंच निघाली, म्हणजे कातडी खरोखरच मजबूत.

काकूंनी उपचार सांगितला. साबण बंद, सोडा बंद, क्रीम बंद. रोज दुपारी मागच्या दारानं यायचं, बॅटरीच्या पाण्यात भिजवलेलं गार मलमल गालावर ठेवायचं, बोटभर साय, बस.

"आन फेशियल?"

"हेच."

"ह्याला फेशियल म्हणतात?"

"तुमच्यापुरतं म्हणतात."

चेअरमनबाई दारात थांबल्या. "सभेपर्यंत माझं तोंड नीट झालं तर खोली तुमालाच राहील. शब्द देते. पण काकू, ह्यातलं एक अक्षर बोलायचं न्हाई."

"मी कशाला बोलू?" काकू म्हणाल्या. आणि खरंच, त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं: "नमुना ३१ – कातडी मजबूत. कॅन धुवायच्या सोड्यानं भाजली. सोडा बंद."

मी पदरानं पुसलं. काकूंनी परत लिहिलं. मी सायीचा डबा आणायला त्यांना आत पाठवलं आणि पुन्हा पुसलं. त्यांनी परत लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून.

तोवर ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी वाचलं होतं. एकतीस नंबरला हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती, म्हणून सगळ्या गावाला एकच प्रश्न. कॅनचा सोडा घरात असणार कुणाच्या? हात दोघांचाच पोचणार, चेअरमनचा नाहीतर सेक्रेटरीचा. सेक्रेटरीची बायको अशी भडकली की ती घरोघर जाऊन "बघा, हात लावून बघा" म्हणून गाल दाखवत फिरली. तिच्यामागून तिची जाऊ फिरली. त्या आठवड्यात गावातल्या बायांनी जितके गाल उघडे दाखवले तितके कधी लग्नातही दाखवले नसतील. चेअरमनबाईंचा पदर मात्र खाली येईना.

चौथ्या दिवशी चेअरमन आला.

"काकू, फळा पुसा. संस्थेची बदनामी होतीया."

"संस्थेची कसली? सोडा चांगला हाय. कॅन झकास निघतात."

"पुसा म्हणतो ना. न्हाईतर सभेत खोली गेलीच समजा."

तो गेल्यावर मी काकूंपुढं बसले. मला भांडणाची सवय नाही, पण त्या दिवशी भांडले. म्हटलं, एका ओळीसाठी खोली घालवता? तुमचं ठीक आहे, तुम्हाला ओसरी आहे. माझं काय? त्या बाईंनी शब्द दिलाय, तोंड सुधारतंय, तुम्ही फक्त ओली चिंधी फिरवा.

काकू पेन्सिलीनं कान खाजवत म्हणाल्या, "अगं, बोअरचं पाणी काय त्या एकटीच्याच घरात जड हाय का?"

मी म्हटलं, ते मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मला बी न्हाई. म्हणून लिवलंय."

त्याच दुपारी मागच्या दारानं एक बाई आली. मग संध्याकाळच्या आत आणखी दोन. तिघींचे गाल तसेच, तिघी कुजबुजल्या तेही तेच. दुकानातून कपडे धुवायचा सोडा आणलाय, फेस येत नाही म्हणून चिमूटभर टाकतो, पोरींच्याही पाण्यात टाकतो. फळा वाचून आलो. काकूंनी तिघींना नंबर दिले. मी तिघींसाठी मलमल भिजवलं. तरी मला खोली हवीच होती, हे काही बदललं नाही.

सभा संस्थेच्या दारात मांडवात झाली. फळा भिंतीवर, बरोबर स्टेजच्या मागं. चेअरमनबाई उभ्या राहिल्या, पदर खांद्यावर. गाल स्वच्छ. जरा गडद डाग राहिले होते तेवढेच. मागून एक म्हातारी म्हणाली, "बया, कसली उजळली!" बाईंनी अहवाल वाचला, अडखळल्या नाहीत. मग चेअरमननं बाजूच्या खुर्चीवरून ठराव पुढं सरकवला. मागील खोली पशुखाद्य विक्रीसाठी देणेबाबत.

बाईंनी कागद हातात घेतला. तेवढ्यात सेक्रेटरीची बायको उठली. "ठरावाच्या आधी मला एक विचारायचंय. एकतीस नंबर कोण?"

चेअरमन उठून म्हणाला, "हा विषय पत्रिकेवर नाही." सेक्रेटरीची बायको म्हणाली, "माझ्या तोंडावर हाय ना!"

चेअरमनबाईंनी नवऱ्याकडं बघितलं, मग माईक जवळ ओढला.

"मी हाय. सोडा आमच्या न्हाणीत हाय. डबा उद्या परत आणून देते."

आधी कुणी हसलं नाही. मग ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याला खोकल्यासारखं काहीतरी झालं आणि सगळा मांडव फुटला. चेअरमनबाई मानेपासून कपाळापर्यंत लाल झाल्या. आणि काकू! काकू पहिल्या रांगेतून उठून स्टेजपाशी गेल्या, घड्याळ काढलं आणि मला ओरडल्या, "लाल झाली गं! ठेच्यानं न्हाई झाली, आता झाली! लिव, लिव, किती वेळ टिकती बघ!"

बाईंनी ठराव बाजूला ठेवला. म्हणाल्या, "खोली पार्लरलाच राहील. मी शब्द दिलाय." बायांचे हात वर गेले, पुरुषांना मत नव्हतंच. "पण काकू, एक अट. फळा बंद. तोंडाचं कायबी भिंतीवर लिहायचं न्हाई. माझं तर न्हाईच न्हाई, कुणाचंच न्हाई."

अट रास्त होती. मलाही तेव्हा तेच वाटलं, आजही वाटतं. मी काकूंना खुणेनं म्हटलं, हो म्हणा.

काकूंनी घड्याळ खिशात टाकलं.

"सेक्रेटरी, ह्यो फळा कुणाचा?"

सेक्रेटरीनं डोकं खाजवलं. "तुमीच आणलता काकू, चौदा-पंधरा वर्षांमागं. संस्थेनं मंजूर केला नव्हता."

"मग नेते."

खिळ्यावरून फळा उतरवला, डोक्यावर घेतला आणि मांडवातून चालत गेल्या. कुणी अडवलं नाही. एकतीसची ओळ त्यांच्या डोक्यावर उलटी दिसत होती.

मी मागोमाग गेले. त्यांच्या घरी ओसरीला एक जुना खिळा होता, त्यावर फळा टांगून त्या बाजेवर बसल्या. बाज झटकून बघितली, बाई आडवी मावते का ते हातानं मोजलं. दुखावल्यासारख्या बिलकूल दिसत नव्हत्या. उलट ओसरी रस्त्यावर होती, इथून फळा जास्त लोकांना दिसणार होता.

"काकू, मी काय करू?"

"तुला काय पाहिजे?"

मी खरं सांगितलं. "मला खोली पाहिजे. माझ्याच्यानं फळा होणार न्हाई."

मला वाटलं रागावतील. त्यांनी मला खालीवर बघितलं, नमुना बघत तशा.

"मग माग. अर्ज कर. पण सकाळी लवकर जा. चेअरमनचा मेव्हणा आठला उठतो."

मी घरी जाऊन वहीचं पान फाडलं आणि अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चेअरमनबाईंच्या दारात उभी राहिले. त्यांनी अर्ज उभ्या उभ्या वाचला, आत कुणाला न विचारता खिडकीच्या कठड्यावर ठेवून सही केली आणि किल्ली दिली. मी खोली उघडली, गादी उन्हात टाकली, कट्टा धुतला. आठ वाजून गेल्यावर पेंडीची पोती भरलेला टेम्पो दारात लागला. मेव्हणा खाली उतरला तेव्हा मी उंबऱ्यात झाडत होते.

मी म्हटलं, "टेम्पो जरा पुढं घ्या. गिऱ्हाईकाला वाट पाहिजे."